तुळजापूरला निघण्याआधी बुटातला सोल एकदा बाहेर काढा

पत्र : मी सोलापुरात राहते, वय ४६, शाळेत शिक्षिका आहे. आठवड्यातून पाच दिवस पहाटे पाच किलोमीटर चालते आणि महिन्यातून एकदा ग्रुपबरोबर सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्यावर जाते. दोन्हीसाठी दोन वर्षांपूर्वी घेतलेले ट्रेकिंगचे बूटच वापरते. खालचा रबरी सोल अजून चांगला दिसतो. पण गेले दोन महिने सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की उजवी टाच ठणकते. मागच्या ट्रेकला गड उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. दुकानदार म्हणतो बूटच बदला. दुरुस्तीवाले काका म्हणतात जेलचे इनसोल घाला. आमचे हे म्हणतात बुटाला काही झालेलं नाही, तू चालणं कमी कर. कोजागिरीला आम्ही दोघं दरवर्षी तुळजापूरला पायी जातो, त्याला आता पाच आठवडे राहिलेत. यांना शुगर आहे. आतले इनसोल बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? – एक वाचक, सोलापूर

ताई, नमस्कार.

तुमच्या बुटातले इनसोल, म्हणजे पायाखालचे काढता येणारे आतले सोल, संपलेले आहेत, हे मी ते न बघताही सांगू शकते. बूटही संपलेत का, हे मात्र तुम्हालाच बघावं लागेल. त्याला अर्धा तास पुरेल, आणि चालणं कमी करायची गरज मला तरी दिसत नाही.

आधी हिशेब करू. आठवड्याला पंचवीस किलोमीटर म्हणजे महिन्याला शंभरच्या वर. त्यात गडावरचे दहा-पंधरा मिळवा. दोन वर्षांत अडीच हजार किलोमीटरच्या पुढे गेलात तुम्ही. बरे इनसोल साधारण ५०० ते ८०० किलोमीटर किंवा सहा महिने ते वर्ष, यातलं जे आधी येईल तोवर साथ देतात. बुटाबरोबर आलेले तर बहुतेक वेळा त्याच्याही आधी मान टाकतात, कारण चांगल्या महागड्या बुटातसुद्धा आतला सोल पातळ आणि साधाच घातलेला असतो. दुकानात पाय घातल्यावर मऊ लागला की त्याचं काम झालं. तुमच्या हिशेबाने आजवर निदान चौथी जोडी आत असायला हवी होती. पत्रावरून वाटतं की पहिलीच चालू आहे.

इथे बहुतेक ट्रेकर फसतात. ‘वर्षाला बाराच तर ट्रेक होतात, एवढ्यात काय झिजणार?’ असं म्हणतात. ट्रेक बारा असतील, पण रोजची पहाट त्याच बुटांवर जाते, तीही सिमेंट नाहीतर डांबरावर. मातीच्या वाटेवर जमीनही थोडी दबते. सिमेंट दबत नाही, म्हणून दरवेळी दबायचं काम एकट्या फोमलाच करावं लागतं.

हा फोम बहुतेक वेळा ईव्हीए नावाचा असतो. त्यात हवेचे बारीक बारीक बंद फुगे असतात. पाय पडला की ते चेपतात, उचलला की बरेचसे परत फुगतात. हजारो पावलांनंतर त्यांच्या भिंती दुमडून राहतात, काही फुटतात, हवा निघून जाते आणि तेवढी जागा कायमची बसते. कापसाची गादी दबली की पिंजून घेता येते, हा फोम पिंजून घेता येत नाही. कितीही धुवा, वाळवा, महिनाभर कपाटात ठेवा, बसलेला सोल उठत नाही. हे इतकं हळूहळू होतं की रोज वापरणाऱ्याला कळतच नाही. म्हणून पायाच्या सांगण्यावर थांबून राहू नका. पाय फार उशिरा सांगतो. सोल बाहेर काढून बघायला हवा.

आज रात्री दोन्ही बुटांतले सोल काढा. टाचेकडे बोट घालून वर ओढले की निघतात. खालून चिकटवलेले असतील तर हळूच सोडवा. फरशीवर चांगल्या उजेडात शेजारी शेजारी ठेवा आणि आधी नुसतं बघा. तुमच्या पावलाचा ठसा दिसेलच. ठसा असणं वाईट नाही, तो आठवड्याभरातही उमटतो. ठशाला खोली किती आहे ते महत्त्वाचं. तुमच्या बाबतीत दोन जागा नीट पाहा. एक टाच, कारण सोलापूरच्या सपाट रस्त्यांवर पाऊल टाचेवर पडतं. दुसरी चवड्याची, अंगठ्यामागच्या उंचवट्याखालची, कारण गड उतरताना सगळं वजन पुढे येतं. या दोन जागी कापड चकचकीत झालंय का, विरून खालचा फोम दिसतोय का, ते बघा. चकाकी आली असेल तर पाय आत सरकतोय.

मग अंगठा वापरा. टाचेच्या मध्यभागी जोराने दाबा, दोन-तीन सेकंद तसंच धरा आणि सोडा. जिवंत फोम लगेच वर येतो. मेलेला एकतर दाबलाच जात नाही, पुठ्ठ्यासारखा कडक लागतो, नाहीतर दाबला की खळगा तसाच धरून ठेवतो. आता तसंच सोलाच्या मधल्या भागात, जिथे पावलाची कमान येते तिथे दाबा. तिथे वजन कमी पडतं, म्हणून तिथला फोम बराचसा नव्यासारखा असतो. दोन ठिकाणचा फरक बोटाला लगेच कळतो. ही सगळ्यात सोपी आणि भरवशाची परीक्षा आहे, कारण तुलनेला नवा सोल आणावा लागत नाही.

त्यानंतर सोल पालथे करा. लोक वरचीच बाजू बघतात, खरी हकिकत खालच्या बाजूला लिहिलेली असते. बुटाच्या तळाची शिवण त्यावर उमटलेली दिसेल. टाचेखाली बारीक भेगा पडल्यात का, चवड्याच्या रेषेत जिथे बूट दुमडतो तिथे आडवी चीर गेलीय का, कडा वर वळल्यात का, ते पाहा. शेवटी डावा-उजवा पाठीला पाठ लावून धरा. तुमची उजवी टाच दुखते म्हणता. उजवा सोल डाव्यापेक्षा जास्त बसलेला किंवा एका कडेला कललेला निघाला, तर डॉक्टरांना दाखवताना तो पिशवीत घालून न्या. त्यांना त्यातून बरंच कळेल.

वासाचंही पाहा. घामाचा वास येणारच, त्यात कमीपणा नाही. सोल साबणाने धुऊन, पूर्ण वाळवूनही वास तसाच राहत असेल, तर घाण फोमच्या आत मुरली आहे. अशा सोलावर आणखी मेहनत घेऊ नका.

आता दुकानदाराचं म्हणणं. तो फक्त विक्रीसाठी बोलतोय असं मी म्हणणार नाही, त्याचं बरोबरही असू शकतं. बुटाला तीन थर असतात. सगळ्यात खाली रबर, ज्याला खाचा असतात. मध्ये जाड फोमचा मधला सोल, तो बाहेरून फक्त कडेने दिसतो. आणि सगळ्यात वर, काढता येणारा इनसोल. आपण रबर बघतो आणि बूट चांगला आहे म्हणतो. पण धक्का झेलायचं मोठं काम मधल्या थराचं असतं, आणि तो रबराच्या खूप आधी थकतो. नवा इनसोल वर घालून थकलेला मधला सोल सुधारत नाही. चार दिवस बरं वाटतं, मग दुखणं परत येतं आणि पैसे गेले ते गेलेच.

तेव्हा इनसोल बाहेर असतानाच बुटात हात घाला. तळ चाचपून बघा. टाचेच्या जागी वाटीसारखा खळगा पडलाय का, कुठे टोचतंय का, एखादी कड वर आलीय का? मग बूट टेबलावर ठेवून मागून, डोळ्याच्या पातळीवर बघा. टाचेचा भाग आत किंवा बाहेर कललाय का? कडेने मधल्या सोलावर आडव्या सुरकुत्या पडल्यात का? बोटाने दाबल्यावर तिथला लवचीकपणा गेलेला वाटतो का? शेवटी बूट दोन हातांत धरून वाकवा. तो चवड्याजवळ वाकला पाहिजे. मधोमध, कमानीपाशी दुमडला तर त्याचा कणा गेला. यातल्या दोन गोष्टी तरी हो निघाल्या तर दुकानदाराचं ऐका आणि बूट बदला. अडीच हजार किलोमीटरनंतर तसं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. मन मोठं करा, त्या बुटांनी आपलं काम केलंय. आणि तळ सपाट, टाच सरळ, कडा घट्ट असतील तर नुसते इनसोल बदलून वर्षभर आणखी चालतील.

तुमच्या नखांबद्दल. इनसोल बसला की बुटात जागा वाढते, टाचेची वाटी उथळ होते आणि उतारावर पाय पुढे घसरून अंगठा आदळतो. नखं काळी पडतात ती अशी. पण नाडी सैल असणं, नखं वाढलेली असणं, बूटच आखूड असणं ही कारणंही तितकीच असतात. वयाबरोबर पाऊल थोडं पसरतं, लांबतंही. दोन वर्षांपूर्वीचं माप आजही बरोबर असेलच असं नाही. संध्याकाळी, पाय दिवसभराने फुगलेले असताना, काढलेल्या इनसोलवर अनवाणी उभ्या राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा शिल्लक राहायला हवी. ती नसेल तर कुठलाही इनसोल नखं वाचवणार नाही, मोठा बूटच लागेल.

टाचेचं जरा वेगळं आहे. सकाळच्या पहिल्या पावलाला ठणका आणि दहा मिनिटं चाललं की कमी, हे बहुतेक वेळा तळपायाच्या जाड पट्ट्याला सूज आल्याचं लक्षण असतं. बसलेल्या सोलाने ते वाढतं, चांगल्या सोलाने त्याला आराम पडतो. पण नुसत्या सोलाने बरं होईल असं वचन मी देणार नाही. पोटरी आणि तळपाय ताणायचे व्यायाम रोज करा, पहाटे उठल्यावर पाय जमिनीवर टेकवायच्या आधी पावलं हाताने वर ओढून अर्धा-एक मिनिट धरा. दोन महिने झालेत, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, आणि तेही आत्ता. कोजागिरीनंतर बघू म्हणू नका.

जेलच्या इनसोलबद्दल दुरुस्तीवाल्या काकांचा हेतू चांगला आहे, पण डोंगरासाठी मी ते घेणार नाही. दुकानात उभं राहिलं की फार छान वाटतं. मात्र ते जड असतात, आपल्याकडच्या उन्हात पाय तापवतात, आणि उतारावर पाय त्यांच्यावर डुलत राहतो. तुम्हाला हवा तो असा: टाचेला खोलगट आणि घट्ट वाटी असलेला, कमानीखाली आधार देणारा, वरून पातळ मऊ थर असलेला. बोटाने सहज दुमडत असेल तो नको. किमती दीड-दोनशे रुपयांपासून तीन-चार हजारांपर्यंत दिसतात. सगळ्यात महागडा घ्यायची गरज नाही, पण दोनशेचा घेऊन तो वर्षभर टिकेल अशी अपेक्षाही ठेवू नका. घेताना बूट बरोबर न्या. नवीन सोल जाड असला तर टाच वर उचलली जाते आणि पुढे बोटं दाबली जातात. आत घालून, ट्रेकचे जाड मोजे चढवून, नाडी बांधून दुकानात जिना चढून-उतरून बघा. आणि जुन्या सोलावर नवा घालायचा नाही. हे कितीतरी जण करतात आणि मग बूट चावतो म्हणतात.

कापायची वेळ आली तर जुना सोल नव्यावर ठेवा, टाचेला टाच जुळवा, पुढच्या बाजूने पेनाने रेघ मारा आणि रेघेच्या किंचित बाहेरून कापा. घालून बघा, लागलं तर आणखी एक कात्री. कापायचं ते फक्त बोटांकडे, टाचेकडे कात्री न्यायची नाही. मग खालच्या बाजूला मार्करने आजची तारीख टाका आणि टाचेची जाडी पट्टीने मोजून तिथेच लिहून ठेवा. पुढच्या वेळी पत्र लिहायची गरज पडणार नाही. दर महिन्याला सोल काढून परत मोजा. जाडी तिसऱ्या हिश्शाने कमी झाली की मी तरी वाट बघत नाही.

पाच आठवडे हातात आहेत हे फार चांगलं. सोल याच आठवड्यात घ्या. कमानीला आधार देणारा सोल सुरुवातीला टोचल्यासारखा वाटतो, तळपायाला त्याची सवय व्हावी लागते. पहिले दोन-तीन दिवस घरात तासभर, मग पहाटेच्या चालण्याला, आणि तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी पंधरा-वीस किलोमीटर एका दमात. तेव्हा कुठे फोड येतो, कुठे घासतं हे कळेल आणि बदल करायला वेळही राहील. दोन आठवड्यांनंतरही तीच जागा दुखत असेल तर तो सोल तुमच्या पायाचा नाही, बदला. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, डांबरी रस्ता आणि शेवटी घाट, तेही रात्रभर. नव्या सोलाची ओळख करून घ्यायला ही रात्र नव्हे. आदल्या दिवशी नवीन सोल, नवीन बूट, नवीन मोजे, काहीही नको.

आणि आता आपलं ऊन. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे सांगावं लागत नाही, सोलापूरकरांना सांगावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. तेव्हा गच्चीच्या फरशीवर सोल वाळत घातले किंवा बूट बंद गाडीच्या डिकीत दिवसभर राहिले, की फोम आकसतो, कडा वळतात, थर जोडणारा डिंक सुटतो. कित्येक सोल चालून संपण्याआधी असे वाळवून संपतात. ऑक्टोबरचं ऊनही काही कमी नाही. कोमट पाण्यात साधा साबण, मऊ ब्रश, मग टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही. सावलीत, पंख्याखाली उभे करून वाळवायचे. वॉशिंग मशीन नको. पावसाळी ट्रेकहून आलात की त्याच रात्री सोल बाहेर काढायचे आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे. आत ओलावा राहिला की वास तर येतोच, आणि पॉलियुरेथेनचे सोल ओलाव्याने हळूहळू कुजून भुगा होतात.

जमलं तर पहाटेच्या चालण्याला वेगळे, हलके बूट घ्या. खर्च वाढतो हे खरं, पण मग ट्रेकचे इनसोल वर्षभर सहज जातील आणि ट्रेकच्या बुटांना नीट वाळायला वेळ मिळेल.

यजमानांबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते, आणि त्यांना तुमचे नियम लागू नाहीत. शुगर जुनी असली की पावलांची संवेदना हळूहळू कमी होते. तुम्हाला बुटातला खडा दोन पावलांत कळतो. त्यांना तो तुळजापूरपर्यंत कळणार नाही, आणि तिथे मोजा काढल्यावर जखम दिसेल. ‘दुखत नाही’ हे त्यांच्या बाबतीत सोल चांगला असल्याचं लक्षण धरू नका. दुखायला लागेपर्यंत थांबायचं हा मार्गच त्यांना बंद आहे. त्यांच्या पावलांना संवेदना आहे का, हे डॉक्टर नायलॉनच्या एका बारीक दोऱ्याने काही मिनिटांत तपासतात. ती तपासणी निघण्याआधी करून घ्या. संवेदना कमी निघाली तर दुकानातला तयार सोल नको, डॉक्टर सांगतील त्या मापाचाच करून घ्यायचा. एमसीआर (मायक्रोसेल्युलर) नावाच्या मऊ रबराच्या चपला-सोल अशा पायांसाठीच वापरतात. त्याच तपासणीच्या वेळी यंदा एवढं अंतर चालावं का, हेही विचारा, आणि उत्तर नाही आलं तर त्यांनी तुळजापूरला बसने पुढे जाऊन थांबावं.

चालायला परवानगी मिळाली, तर बूट घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवायचा. वाटेत दर विश्रांतीला, चहाच्या टपरीवर बसलात की मोजे काढून दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बॅटरीच्या उजेडात तुम्ही बघायच्या. त्यांना स्वतःला नीट दिसणार नाहीत. लाल डाग दिसला तर तिथेच थांबायचं. आणि पौर्णिमेच्या त्या गर्दीत कितीतरी जण अनवाणी असतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण यजमानांच्या मनात तसा काही नवस असेल तर हात जोडून सांगते, तो आईला सांगून दुसऱ्या कुठल्या सेवेत बदलून घ्या.